तपास चिठ्ठीचा करा, लेकीचा नको

प्रश्न: माझी मुलगी अठरा वर्षांची आहे. बारावीनंतर एक वर्ष ड्रॉप घेऊन तिनं भंवरकुआंला कोचिंग केलं. परीक्षेच्या शेवटच्या अर्ध्या तासात तिच्या बाकाखाली घडी केलेली एक चिठ्ठी सापडली. पर्यवेक्षक मॅडमनी विचारलं, "किसकी है?" कुणीच बोललं नाही, तेव्हा हिचा रोल नंबर लिहून घेतला आणि एका फॉर्मवर सही घेतली. ती म्हणते, चिठ्ठी माझी नाही. निकालाच्या दिवशी तिचा निकाल रोखल्याचं कळलं. आता नोटीस आली आहे की पंधरा दिवसांत खुलासा द्या. त्यातले सहा दिवस गेले. कोचिंगचे सर म्हणतात, माफीनामा लिहून द्या, एका वर्षावर सुटेल. माझ्या साडूंची भोपाळला ओळख आहे, ते म्हणतात थोडा खर्च करा, मिटवून टाकू. व्हॉट्सअॅपवर दहा वर्षं कैद आणि एक कोटी दंडाचा नवा कायदा फिरतो आहे. मी तिला रोज विचारतो की खरं काय ते सांग, मी रागावणार नाही. आता ती उत्तरच देत नाही. खोलीतून बाहेर येत नाही, धड जेवत नाही. आमच्या घराण्यात असं कधी झालं नाही. व्यापम घोटाळ्याच्या गावात आमच्यावर कोण विश्वास ठेवणार? पुढे गणपतीत सगळे भेटतील, त्यांना काय सांगू?
— एक वडील, सुदामा नगर, इंदूर

उत्तर: तुम्ही परीक्षेचं आणि केंद्राचं नाव लिहिलं आहे. ते इथे दिलेलं नाही, कारण त्यावरून तुमची लेक ओळखू येईल. राष्ट्रीय पातळीवरची प्रवेश परीक्षा, एवढं वाचकांना पुरे. मुदत डोक्यावर असल्यामुळे तातडीचा भाग तुम्हाला ईमेलने आधीच कळवला आहे. इथे तोच सविस्तर लिहिते, कारण अशी पत्रं निकालाच्या दिवसांत आणखीही येतात.

नोटीस बाजूला ठेवा आणि आधी आजच्या रात्रीचं बघा. मूल जेवत नाही, खोलीबाहेर येत नाही, बोलायचं थांबलं आहे, हे तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत उरकलं आहे. माझ्या लेखी पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. तिच्याजवळ जाऊन बसा आणि सरळ विचारा, जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावंसं वाटतं का. असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती मनातून काढून टाका. तसं होत नाही. कुणीतरी हा शब्द उच्चारला याचंच मुलांना हायसं वाटतं. ती "हो" म्हणाली, किंवा गप्प राहून मान फिरवली, तर तिला क्षणभरही एकटं ठेवू नका. 14416 हा टेलि-मानसचा क्रमांक फिरवा. ही सरकारची निःशुल्क सेवा 2022 पासून दिवसरात्र सुरू आहे. दुसऱ्या दिवशी तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जा. खुलाशाला एक दिवस उशीर झाला तर त्यावर इलाज निघतो.

आता तुमच्या रोजच्या विचारण्याबद्दल.

तुमच्या पत्रात लेकीचं स्वतःचं म्हणावं असं एकच वाक्य आहे: चिठ्ठी माझी नाही. बाकीची वाक्यं सरांची, साडूंची, व्हॉट्सअॅपची आणि तुमची आहेत. तिनं तुम्हाला उत्तर दिलं होतं. त्यानंतर तुम्ही रोज "खरं काय ते सांग" म्हणता, तेव्हा तिच्या कानी एवढंच पडतं की आधी सांगितलेलं बाबांना खरं वाटलेलं नाही. "मी रागावणार नाही" या शब्दांत तर कबुलीची वाट पाहणं उघडच दिसतं. तुम्ही हे प्रेमापोटी करता आहात, याबद्दल मला शंका नाही. पण परीक्षा हॉलमध्ये एक बाई तिच्यापुढे उभी राहून विचारत होती, आणि आता घरीही तेच चाललं आहे. मग तिनं कुठे जायचं?

तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवा असं मी सांगत नाही. अठरा वर्षांचं मूल भीतीपोटी खोटं बोलू शकतं, हे मला ठाऊक आहे. माझं म्हणणं इतकंच, की तपास करायचाच असेल तर त्या चिठ्ठीचा करा. चिठ्ठीकडून बरंच काही कळू शकतं, आणि नोटीस आल्यापासून त्या चिठ्ठीबद्दल तुमच्या घरात कुणी एक प्रश्नही विचारलेला दिसत नाही.

मी शाळेत शिकवत होते तेव्हा अनेक वर्षं बोर्डाच्या परीक्षांना पर्यवेक्षक म्हणून उभी राहिले आहे. उडनदस्ता, म्हणजे भरारी पथक, आला अशी कुजबुज कॉरिडॉरमधून आली की वर्गात काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. खिशातले, मोज्यातले, कंपासमधले कागद एका क्षणात जमिनीवर येतात आणि पायानं पुढे-मागे सरकवले जातात. कागद ज्याच्या बाकाखाली थांबला त्याच्यावर नकल प्रकरण, म्हणजे कॉपीची केस, होतं. कधी तो खरंच त्याचा असतो, कधी तीन बाकं मागच्याचा. वर्गात पंचवीस मुलं, घड्याळ पुढे पळतंय, केंद्राध्यक्ष दारात उभे, अशा वेळी पर्यवेक्षक जवळच्या बाकाचा नंबर लिहून मोकळी होते. त्या मॅडमच्या मनात तुमच्या मुलीबद्दल आकस असेल असं मानायचं कारण नाही. पण जवळचं बाक म्हणजे पुरावा नव्हे, आणि खुलाशाची सुरुवात तिथूनच करायची आहे.

त्या चिठ्ठीवर काय होतं? सूत्रं होती, की "47 बी, 48 डी" अशी उत्तरं? उत्तरं असतील तर ती कुठल्या सेटची? प्रश्नपत्रिकेचे सेट वेगवेगळे असतात, आणि एका सेटची उत्तरं दुसऱ्या सेटवाल्याला निरुपयोगी असतात. तिच्या सेटशी ती जुळत नसतील तर अर्धं प्रकरण तिथेच ढासळतं. जुळत असतील तर तिच्या ओएमआरवर, म्हणजे गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर, तिनं तीच उत्तरं रंगवली आहेत का, हे बघावं लागेल. अक्षर कुणाचं आहे? तिच्या कोचिंगच्या वह्या घरात आहेत, अक्षर ताडून पाहणं अवघड नाही. चिठ्ठी हिंदीत होती आणि ती इंग्रजी माध्यमातून शिकली असेल, तर तेही महत्त्वाचं. कागद नेमका कुठे पडला होता, तिच्या पायाशी की मागच्या बाकाच्या पुढच्या पायाशी? आधी कुणी पाहिला? दुसऱ्या पर्यवेक्षकाची साक्ष घेतली का? तिची ओएमआर तेव्हा ताब्यात घेतली होती का, आणि परत किती वेळानं दिली? फॉर्म वाचू दिला होता का?

हे प्रश्न तुम्ही तिला एकेक करून विचारू नका, नाहीतर पुन्हा उलटतपासणी सुरू होईल. वही आणि पेन द्या. हॉलमध्ये शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत जे आठवतं ते तिच्या शब्दांत, तिच्या क्रमानं लिहू द्या. बाकांचा नकाशाही काढू द्या. तुम्ही मग वाचा, मध्ये दुरुस्त्या करू नका. हातात काम आलं की मुलं पुन्हा बोलू लागतात. शिवाय हेच लिखाण खुलाशाचा कणा होणार आहे, वकिलानं रचलेल्या भाषेपेक्षा त्याचं वजन जास्त.

खुलासा वेळेत जायलाच हवा. मात्र त्याच्याही आधी, म्हणजे हे वाचाल त्याच दिवशी, परीक्षा संस्थेला एक छोटा ईमेल पाठवा: त्या खोलीचं त्या वेळेचं सीसीटीव्ही चित्रीकरण जपून ठेवावं, पुसू नये. चित्रीकरण कायमचं राहत नाही, आणि ते गेलं की तिच्या बाजूचा सगळ्यात भक्कम साक्षीदार गेला. त्याच ईमेलमध्ये चिठ्ठीची प्रत, पर्यवेक्षकांचा अहवाल, सही घेतलेला फॉर्म आणि तिच्या ओएमआरची प्रत मागा. हे कागद पाहिल्याशिवाय पूर्ण उत्तर देता येत नाही, म्हणून मुदत वाढवून द्या आणि प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्या, असंही लिहा. तरीही मुदतवाढीच्या भरवशावर बसून राहू नका. हातात आहे तेवढ्यावर पहिला खुलासा ठरल्या तारखेच्या आत पाठवा आणि कागद आल्यावर पुरवणी देण्याचा हक्क राखून ठेवा. फॉर्मवरची सही तिनं घाईत, न वाचता केली असेल तर ते स्पष्ट लिहा, कारण पुढे तीच सही कबुली म्हणून पुढे केली जाईल. स्पीड पोस्टची पावती आणि ईमेलची प्रत, दोन्ही सांभाळा.

सोबत माहितीच्या अधिकारातला अर्जही टाका. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. मुलगी सज्ञान आहे, म्हणून अर्ज तिच्याच नावानं जाऊ द्या. स्वतःची उत्तरपत्रिका बघण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये मान्य केला आहे.

हे सगळं मी इतक्या बारकाईनं का सांगते आहे? कारण पहिला खुलासा फसला तर पुढे कोर्टात तो सावरणं कठीण जातं. उत्तर प्रदेशच्या बोर्डानं 1954 च्या इंटरमीजिएट परीक्षेतल्या तीन मुलांचे निकाल त्यांना न विचारता रद्द केले होते. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1962 मध्ये निकाल लागला की विद्यार्थ्याला बाजू मांडू दिल्याशिवाय अशी शिक्षा देता येत नाही. तुम्हाला आलेली नोटीस त्याच तत्त्वातून आली आहे. ती धमकी समजून घाबरू नका, ती तिच्या बोलण्याची पाळी आहे. पण त्याच बोर्डाच्या त्याच काळातल्या दुसऱ्या एका प्रकरणात शेजारी बसलेल्या मुलांच्या चुका शब्दशः सारख्या निघाल्या होत्या. तिथे न्यायालयानं असा परिस्थितीजन्य पुरावा पुरेसा मानला आणि बोर्डाचा निर्णय कायम ठेवला. म्हणजे ऐकून घेतलं की नाही, हे न्यायालय काटेकोरपणे पाहतं. ऐकून घेतल्यावर चौकशी समितीनं कुठला पुरावा किती तोलला, यात ते सहसा हात घालत नाही. म्हणून जे काही म्हणायचं ते याच खुलाशात यायला हवं, "कोर्टात बघून घेऊ" म्हणून राखून ठेवू नका.

कोचिंगच्या सरांचा माफीनामा मला अजिबात पटत नाही. त्या कागदावर तुमची लेक स्वतःच्या हातानं कबूल करेल की चिठ्ठी तिची होती. मग शिक्षा एक वर्षाची की तीन वर्षांची, ते सर ठरवणार नाहीत. सरांना प्रकरण लवकर संपायला हवं आहे, त्यांच्या क्लासचं नाव त्यात येतं, हेही लक्षात असू द्या. ती म्हणते त्याप्रमाणे चिठ्ठी तिची नसेल, तर तिच्या वडिलांनी तिला खोट्यावर सही करायला लावली, हे ती जन्मभर विसरणार नाही.

साडूंना आजच ठामपणे नाही सांगा. भोपाळची ओळख आणि थोडा खर्च म्हणजे लाच. आज तुमची मुलगी फार तर एका चिठ्ठीची आरोपी आहे, उद्या तुम्ही दोघंही खऱ्या गुन्ह्यात अडकाल. पैसे गेल्यावर तिच्या "माझी नाही" या शब्दावर कुणी विश्वास ठेवावा तरी का?

यावरूनच तुमच्या व्यापमच्या, म्हणजे मध्य प्रदेशच्या व्यावसायिक परीक्षा मंडळाच्या, वाक्याकडे येते. ते वाक्य इंदूरातल्या पुष्कळ घरांत ऐकू येतं, आणि त्यात तथ्य आहे. 2013 च्या जुलैमध्ये इथल्याच क्राइम ब्रँचनं पीएमटी या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला दुसऱ्यांच्या नावावर बसायला आलेल्या मुलांना पकडलं आणि तिथून तो घोटाळा उसवत गेला. हुशार मुलाला इंजिन म्हणायचे आणि पैसे भरलेल्याला बोगी. दोघांचे रोल नंबर मुद्दाम लागून ठेवले जात. 2015 मध्ये तपास सीबीआयकडे गेला आणि 2017 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं 634 जणांचे मेडिकलचे प्रवेश रद्द ठरवले. त्यातल्या कित्येकांचं शिक्षण पुरं होत आलं होतं, काहींचं झालंही होतं. हा सगळा जागा विकण्याचा धंदा होता, आणि त्याच्या मुळाशी "ओळख आहे, मिटवून टाकू" हेच होतं. तुमच्या मुलीच्या बाकाखालच्या कागदाचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. त्या घोटाळ्याचा संशय आज इथल्या प्रामाणिक मुलांच्या वाट्याला येतो, याचा मला मनापासून राग येतो. निदान घरातल्यांनी तरी तो तिच्यावर लादू नये.

व्हॉट्सअॅपवरच्या कायद्याबद्दल थोडक्यात. सार्वजनिक परीक्षांतल्या गैरप्रकारांविरुद्धचा केंद्राचा कायदा 21 जून 2024 पासून लागू आहे. पाच ते दहा वर्षं कैद आणि किमान एक कोटी दंड, हे त्यात संघटित गुन्ह्यासाठी आहे: पेपर फोडणाऱ्या, ओएमआर बदलणाऱ्या टोळ्यांसाठी. परीक्षार्थींवरची कारवाई परीक्षा संस्थांच्या स्वतःच्या नियमांनुसारच होत राहील, असं विधेयक मांडतानाच सरकारनं स्पष्ट केलं होतं. तुमच्या मुलीपुढे निकाल रद्द होण्याचा आणि काही काळ परीक्षेला बंदी येण्याचा धोका आहे. तो लहान नाही, पण तो तुरुंगही नाही. हे तिला आजच सांगा, कारण तो मेसेज तिच्याही फोनवर आला असणार.

वकील लागेलच. त्यासाठी कर्ज काढू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे महिलांना मोफत कायदेशीर मदत मिळते आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात तिला घेऊन जा, किंवा 15100 वर फोन करा. पुढे रिट याचिकेची वेळ आलीच तर उच्च न्यायालयाचं खंडपीठ आपल्याच गावात आहे.

एक शक्यता तुम्ही मनात ठेवून लिहिली नाहीत. ती वही लिहिता लिहिता थांबली आणि म्हणाली, "बाबा, चिठ्ठी माझीच होती," तर? तर त्या क्षणी आवाज चढवू नका. तिला हे सांगायला किती धैर्य लागलं असेल ते आठवा. मग खुलाशात एक शब्दही खोटा लिहू नका. झालं ते मान्य करून, वय आणि आजवरचं वागणं लक्षात घेऊन कमीत कमी शिक्षा व्हावी, अशी विनंती वकिलाच्या सल्ल्यानं करा. वर्ष जाईल, कदाचित जास्तही. त्या काळात ती दुसरं काही शिकू शकते. आताही तिची इच्छा असेल तर ई-प्रवेशच्या, म्हणजे कॉलेजांच्या ऑनलाइन प्रवेशाच्या, फेऱ्या संपण्याआधी होळकर सायन्ससारख्या कॉलेजात बीएस्सीचा अर्ज भरून ठेवायला हरकत नाही. पण तिला विचारून. "आता डॉक्टरकी विसर" असा अर्थ त्यातून निघाला तर तो फॉर्म भरू नका.

राहिले गणपती. कॉलनीत, महाराष्ट्र समाजात, पुण्याच्या नातेवाइकांत विचारतील हे खरं. त्यांना एवढंच सांगा: निकाल रोखला आहे, आम्ही खुलासा दिला आहे, चिठ्ठी तिची नव्हती असं ती म्हणते आणि आम्ही तिच्या पाठीशी आहोत. सगळ्यांना हेच शब्द, आजीलाही हेच. कुजबुज टाळण्यासाठी तिला चार महिने मावशीकडे पाठवण्याचा बेत कुणी केलाच, तर तो हाणून पाडा. तिला आरतीला यावंसं वाटलं तर ती येईल, नाही वाटलं तर नाही. आणि "आमच्या घराण्यात असं कधी झालं नाही" हे वाक्य तिच्यासमोर पुन्हा नको. घराण्याचा भार त्या पोरीनं का वाहावा? तिच्यापुढे नोटीस आहे, तेवढी तिला पुरे.

सुनावणीला बोलावलंच तर बोलायचं तिनं. तुम्ही शेजारी बसा. आदल्या दिवशी तिच्याकडून पाठ करून घेऊ नका, फक्त तिनं लिहिलेली वही, बाकांचा नकाशा आणि पाठवलेल्या सगळ्या पत्रांच्या प्रती एका फायलीत तारखेवार लावून तिच्या हातात द्या. मराठीत, हिंदीत, ज्या भाषेत तिला सुचेल त्या भाषेत ती सांगेल. ती अडखळली तर थांबा, तिचं वाक्य तुम्ही पुरं करू नका.